तारकारेषा : चौकटी कशा एकत्र कराव्यात?

सी.टी. अँजिओग्राफीची चित्रे पाहणाऱ्या आपल्या मंडळींना ‘एम.आय.पी.’ ही अक्षरे परिचयाची आहेत. एका दृष्टिरेषेवर येणाऱ्या सर्व बिंदूंपैकी सर्वांत तेजस्वी तेवढा निवडावा आणि त्यातून रक्तवाहिनी एका चित्रात उभी करावी, असे ते तंत्र. तारकारेषांचे छायाचित्र सिद्ध होते तेही याच न्यायाने. भेद इतकाच, की तेथे छेद शरीराचे असतात, येथे काळाचे.

आकाश तासाला सुमारे १५ अंश फिरते. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून ३० सेकंदांच्या १२० चौकटी टिपल्या की तासाभराची गती हाती येते. इंदूरहून ध्रुवतारा उत्तर क्षितिजावर २२-२३ अंशांवर दिसतो. अचल म्हणून गौरविलेला हा तारा खगोलीय ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक ढळलेला असल्याने चित्रात त्याचाही चिमुकला कंस उमटतो.

आता प्रश्न एकत्रीकरणाचा. सरळ बेरीज केली तर शहराच्या दिव्यांचा उजेडही बेरजेत येऊन आकाश पांढुरके होते. सरासरीचे काय? २४ मिलिमीटरचे भिंग आणि सहा मायक्रॉनचे पिक्सेल धरले, तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा ३० सेकंदांत सुमारे नऊ पिक्सेल ओलांडतो. म्हणजे कोणत्याही एका पिक्सेलवर तो १२० चौकटींपैकी एखाद-दुसरीतच असतो. सरासरीत त्याचे तेज शंभरावर वाटेकऱ्यांत विरते. मध्यक घेतल्यास तो समूळ नाहीसा होतो. म्हणून आकाशासाठी कमाल मूल्याची पद्धतच खरी.

परंतु एम.आय.पी.चे दोषही तिच्यासोबत येतात. धमनीभित्तीतील कॅल्शियम जसे आतील पोकळी झाकून टाकते, तसे एका चौकटीत गेलेले विमान, कोणाची विजेरी, पहाटेचा उजेड हे सारे अंतिम चित्रात ठाण मांडून बसते. चौकटी एकेक करून तपासण्याचा कंटाळा येथे महागात पडतो. शिवाय प्रत्येक पिक्सेलवरील ‘नॉइज’चेही कमालच मूल्य निवडले जात असल्याने काळोख उजळतो आणि मंद तारे त्यात बुडतात. सरासरीत हाच नॉइज चौकटींच्या संख्येच्या वर्गमूळाने घटतो. १२० चौकटींत जवळजवळ अकरापट. तेव्हा अग्रभागातील देऊळ, झाड वा टेकडी सरासरीतून घ्यावी, आकाश कमाल मूल्यातून घ्यावे आणि दोहोंची सांधणी करावी, हे मला सर्वांत समाधानकारक वाटते.

कॅमेऱ्यातील दीर्घ उद्भासनाची नॉइज-निवारण सोय मात्र बंदच ठेवावी. ती प्रत्येक चौकटीनंतर तेवढाच वेळ अंधाराची चौकट घेते आणि सलग रेषेऐवजी तुटक तुकडे मिळतात. ‘स्टारस्टॅक्स’सारख्या प्रणालीत अशा फटी बुजविण्याची सोय आहे. सेकंदाच्या फटीसाठी ती निर्धोक. ढगाने गिळलेली दहा मिनिटे तिच्याकडून भरून घेणे म्हणजे न आलेला प्रकाश रेखाटणे होय. धूमकेतूसारख्या निमुळत्या शेपट्या काढणारी तऱ्हाही निव्वळ अलंकरण आहे. प्रदर्शनात चित्र मांडताना तसे खाली नमूद करावे.

तिपाई आवरण्यापूर्वी, कॅमेऱ्याचे तापमान बदलण्याआधीच, भिंगावर झाकण लावून तेवढ्याच उद्भासनाच्या दहा-पंधरा काळ्या चौकटी घ्याव्यात. त्यांचा मध्यक प्रत्येक चौकटीतून वजा केला की लाल-निळे हट्टी ठिपके बहुतांशी मावळतात.