गुडघ्याची झीज रक्तात शोधताना

गुडघे दुखू लागले की आपल्याकडे रक्त तपासून घेण्याची घाई होते. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड सगळं रक्तात कळतं, मग गुडघ्यातली गादी, म्हणजे कूर्चा, किती झिजली तेही कळत असेलच, असं वाटतं. ते वाटणं निराधार नाही. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तरी ती झिजताना तिच्यातल्या प्रथिनांचे तुकडे सांध्यातल्या द्रवात उतरतात आणि तिथून रक्तात जातात. ‘कॉम्प’ नावाच्या प्रथिनाचा अभ्यास तर तीसहून अधिक वर्षं चालू आहे. पण ही मोजमापं आज संशोधकाच्या कामाची आहेत, रुग्णाच्या फाइलीत लावण्याजोगी नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुख्य अडचण अशी की रक्त साऱ्या शरीराचं असतं, एका गुडघ्याचं नसतं. आकडा वाढलेला दिसला तर तो उजव्या गुडघ्यामुळे, बोटांच्या पेरांमुळे की मणक्यामुळे, हे रिपोर्ट सांगत नाही. शिवाय कॉम्प एकट्या कूर्चेत नसतं. कंडरांत आणि सांध्याच्या अस्तरातही असतं. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे ते दिवसभर एका पातळीवर राहतच नाही. रात्री झोपेत उतरतं आणि अर्धा तास चालून आल्यावर निरोगी माणसातही काही काळ चढतं. म्हणजे पायी लॅबमध्ये गेलेल्याचा आणि रिक्षाने गेलेल्याचा आकडा निराळा येऊ शकतो. हा चढ पाहून कुणी चालणंच बंद केलं, तर तपासणीने भलं होण्याऐवजी नुकसान झालं म्हणायचं. कारण मांडीचे स्नायू बळकट ठेवणं हाच गुडघ्याचा खरा आधार आहे.

यावर कुणी म्हणेल, विज्ञान पुढे गेलंय. गेलं आहे, आणि ते मी नाकारत नाही. अमेरिकेत ६०० रुग्णांच्या गुडघ्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात काही निर्देशकांचा झिजेच्या वाढीशी संबंध दिसला. त्यातला ठळक निर्देशक सीटीएक्स-टू, पण तो लघवीतला. आणि संबंध दिसला तरी माफकच: गटाबद्दल बोलता येईल, एकट्या माणसाचं भाकीत करता येणार नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ब्रिटनमधल्या चिंगफर्डच्या २०० स्त्रियांच्या जपून ठेवलेल्या रक्तावरून, एक्स-रेमध्ये झीज दिसण्याआधी आठ वर्षं तिचा माग लागला. बातमी मोठी खरीच. पण एका ठिकाणच्या २०० स्त्रियांवरून, जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या आपल्याकडच्या बायकांचं ‘नॉर्मल’ कसं ठरवायचं? आणि कळलं समजा आठ वर्षं आधी, तर पुढे काय? कोलेस्टेरॉल मोजतात, कारण ते उतरवणारी आणि हृदयविकाराचा धोका घटवणारी औषधं आहेत. कूर्चेची झीज थांबवणारं मान्यताप्राप्त औषध आजही नाही.

‘तपासून घ्यायला काय हरकत आहे?’ हा प्रश्न मला सर्वांत धोक्याचा वाटतो. नुसत्या आकड्याने भीती बसते आणि भीतीपाठोपाठ महागड्या गोळ्या येतात. अमेरिकेत सुमारे १,६०० रुग्णांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ग्लुकोसामाइन एकंदरीत नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, तरी त्याची विक्री जोरात आहे. आरए फॅक्टर या आमवाताच्या रक्ततपासणीचंही तसंच: उतारवयात तो निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि आमवाताचा शिक्का उगाच बसतो. वय ४५ च्या पुढे, हालचालीने वाढणारं दुखणं, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटणारा, एवढ्यावर डॉक्टर झिजेचं निदान करू शकतात. तपासणीचे पैसे फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम शिकण्यात घाला. वजन जास्त असेल तर उतरवा. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

रक्ततपासणी लागते ती वेगळ्या ठिकाणी. सांधा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, सकाळचा आखडलेपणा तासभर सुटेना किंवा दोन्ही हातांची बोटं एकदम धरली, तर जंतुसंसर्ग, गाऊट किंवा आमवात असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. ताप आणि सुजलेला सांधा एकत्र असेल, तर त्याच दिवशी जा.