कथेच्या शेवटाची अटकळ

कीर्तनास बसलेल्या श्रोत्यांपैकीं एकासहि रावण मरेल कीं नाहीं अशी शंका नसते. शेवट ठाऊक असूनहि मंडळी मध्यरात्रीपर्यंत बसून राहतात, कारण बुवा तो शेवट कोणत्या वाटेनें गांठतात याचीच त्यांस गोडी असते. दुसरा एक श्रोता आहे, त्याची तऱ्हा निराळी. त्यास शेवट ठाऊक नसतो, आणि सांगणाराचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच तो "मग पुढें तो मेला कां?" म्हणून विचारूं लागतो. शाळेच्या मधल्या सुटींत हा दुसरा श्रोता फार आढळतो. कोणत्या तरी चित्रपटमालेचा शेवटचा भाग यावयाचा असतो, आणि नायक जगेल कीं मरेल, खरा खलपुरुष कोण निघेल, यावर डबा तसाच ठेवून वाद चाललेले असतात. पालक यास वेळेचा अपव्यय म्हणतात. आमचें मत तसें नाहीं. मात्र अटकळ बांधण्याच्या रीति दोन आहेत. एकींत बुद्धीस काम पडतें, दुसरींत केवळ इच्छेस; आणि हा भेद मुलांस कोणी समजावून देत नाहीं. तो एका उदाहरणानें दाखवावा असें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरण मुद्दाम थोडें जुनें घेतलें आहे. गणिताच्या पुस्तकाच्या शेवटीं जशीं उत्तरें दिलेलीं असतात, तशीं या उदाहरणाचीं उत्तरें आतां सर्वांस उपलब्ध आहेत, व कोणाची रीत बरोबर होती हें ताडून पाहतां येतें. ज्यांनीं तो चित्रपट पाहिला नसेल व पुढें पाहावयाचा असेल, त्यांनीं हा लेख तूर्त बाजूस ठेवावा. आम्हांस राग येणार नाहीं.

'बॅटमॅन' हा अमेरिकेंतील चित्रकथांचा वीर बॉब केन व बिल फिंगर यांनीं १९३९ सालीं निर्माण केला. त्याचें खरें नांव ब्रूस वेन. लहानपणीं आईबापांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेला हा धनिक पुरुष गॉथम नांवाच्या कल्पित नगरांत वटवाघळाचा वेष घेऊन रात्रीं गुन्हेगारांशीं झुंजतो. त्याच्या अंगीं दैवी सामर्थ्य कांहीं नाहीं. व्यायाम, पैसा व हट्ट एवढेंच काय तें भांडवल. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मासिक अंकांतील हा वीर म्हातारा होत नाहीं, कीं कायमचा मरतहि नाहीं. पुढील महिन्यास नवा अंक निघावयाचा असल्यामुळें त्याची कथा संपणें प्रकाशकांस परवडणारेंच नाहीं. म्हणून क्रिस्टोफर नोलन या दिग्दर्शकानें त्याच्यावर तीन चित्रपट रचून तिसऱ्यांत कथा पुरी करण्याचें ठरविलें, तेव्हां सत्तर वर्षें चालत आलेल्या गोष्टीस एकदांचा शेवट लाभणार होता. लोकांच्या उत्कंठेचें मूळ आमच्या मतें येथें आहे. जाहिरातीनें ती वाढविली असेल, उत्पन्न केली नाहीं.

पहिला चित्रपट 'बॅटमॅन बिगिन्स' २००५ सालीं आला, दुसरा 'द डार्क नाइट' २००८ सालीं, व तिसरा 'द डार्क नाइट राइझेस', म्हणजे 'काळोखांतील वीर पुन्हां उठतो', हा २० जुलै २०१२ रोजीं. दुसऱ्या चित्रपटानें जगभर एक अब्ज डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविलें. त्यांत 'जोकर' या खलपुरुषाचें काम करणारा नट हीथ लेजर हा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वींच, जानेवारी २००८ मध्यें, वारला. त्यास ऑस्कर पारितोषिक मिळालें तें मरणोत्तर. तेव्हां तिसऱ्या भागांत जोकराची जागा कोण घेणार, हा पहिला प्रश्न उभा राहिला.

लगेच अफवा उठली कीं कोडीं घालणारा 'रिडलर' नामक खलपुरुष येणार व तें काम जॉनी डेप करणार. ही अटकळ फार लोकांस पटली. कां पटली? रिडलर प्रसिद्ध, डेप लोकप्रिय, दोहोंची बेरीज मनास गोड. कथेंत रिडलर येण्याचें कारण काय, हें बहुतेकांनीं विचारलें नाहीं. ऑक्टोबर २०१० मध्यें नोलन यानें 'लॉस अँजेलिस टाइम्स' या पत्रास चित्रपटाचें नांव सांगितलें व रिडलर नाहीं हेंहि सांगून टाकलें. जानेवारी २०११ मध्यें जाहीर झालें कीं टॉम हार्डी हा 'बेन' होणार व अ‍ॅन हॅथवे ही 'सेलीना काइल' होणार.

आतां तर्कास पाय ठेवण्यापुरती जमीन मिळाली. आपल्या न्यायशास्त्रांत पर्वतावरील धुराचें उदाहरण प्रसिद्ध आहे. धूर दिसला म्हणून अग्नि आहे असें आपण म्हणतों, कारण जेथें धूर तेथें अग्नि ही व्याप्ति आपण स्वयंपाकघरांत पाहिलेली असते. परंतु दिसलें तें धुकें असेल, तर सारा तर्क ढांसळतो. यासच हेत्वाभास म्हणतात. म्हणून अटकळ करणारानें स्वतःस दोन प्रश्न विचारावे: मीं पाहिलें तो खरोखर धूरच आहे काय? आणि धूर असतां अग्नि असतोच, असें मीं कोठें पाहिलें आहे?

बेनविषयींची अटकळ सोपी होती. १९९३ सालच्या चित्रकथेंत याच बेननें बॅटमॅनची पाठ मोडली होती. त्याची सारी कीर्ति त्या एका कृत्यावर उभी आहे. त्यास आणून तें कृत्य वगळणें म्हणजे भीमास आणून गदा न देणें होय. चित्रपटांत तें घडलें.

खरी परीक्षा पुढें आली. एप्रिल २०११ मध्यें आणखी दोन नांवें जाहीर झालीं: मारियों कोतियार ही 'मिरांडा टेट' व जोसेफ गॉर्डन-लेव्हिट हा 'जॉन ब्लेक'. मिरांडा ही वेन याच्या उद्योगसंस्थेच्या संचालकांपैकीं एक परोपकारी स्त्री, एवढेंच सांगितलें गेलें. पुष्कळांनीं तें ऐकून सोडून दिलें. कांहींनीं मात्र असा विचार केला. या नांवाचें पात्र चित्रकथांत प्रसिद्ध नाहीं. ऑस्कर मिळविलेल्या नटीस असें नवें व किरकोळ दिसणारें काम कां द्यावें? त्याच वर्षीं बातमी आली कीं पहिल्या चित्रपटांतील खलपुरुष रास अल घूल याच्या तरुणपणाच्या कामासाठीं एक नट घेतला आहे. रास तर पहिल्या भागांतच मेलेला. मेलेल्या माणसाचें तारुण्य दाखवावयाचें, तर जुनी एखादी घटना आतांच्या कथेशीं जोडलेली असली पाहिजे. आणि चित्रकथांत १९७१ पासून रास यास तालिया नांवाची एक कन्या आहे. तेव्हां मिरांडा हीच तालिया!

या तर्कांतील सर्वांत बळकट दुवा मात्र बऱ्याच जणांच्या नजरेंतून सुटला असावा. पहिल्या चित्रपटांत ब्रूस वेन यास युद्धविद्या शिकविणारा गुरु 'हेन्री डुकार्ड' या नांवानें वावरतो, आणि तोच खरा रास अल घूल असल्याचें शेवटीं उघड होतें. म्हणजे विश्वासांतील माणूस परक्या नांवानें जवळ ठेवावा व अखेरीस त्याचा मुखवटा काढावा, ही युक्ति या दिग्दर्शकानें याच कथेंत एकदां केलेली होती. बाप जसा आला तशीच मुलगी आली. ज्यानें पहिला चित्रपट ध्यान देऊन पाहिला, त्यास बाहेरच्या बातम्यांची गरजहि फारशी नव्हती. उलट "मला तालिया आवडते, म्हणून ती येणार" असें म्हणणाराचेंहि उत्तर बरोबर आलें. परंतु रीत न दाखवितां उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास गणिताचे मास्तर किती गुण देतात, हें वाचकांस ठाऊक आहेच.

या प्रकरणीं आपल्या देशाचाहि थोडा संबंध येतो. मे २०११ मध्यें जोधपूर येथें मेहरानगड किल्ल्याच्या परिसरांत या चित्रपटाचें चित्रीकरण झालें. चित्रकथांत रास हा एका चमत्कारिक कुंडांत स्नान करून पुन्हां तरुण होत असतो. तेव्हां राजस्थानांत तेंच कुंड दाखविणार, अशीहि अटकळ निघाली. प्रत्यक्षांत निघाला तो विहिरीसारखा खोल तुरुंग, जेथून वर चढून जाणें हीच सुटका. जागेचा रासशीं संबंध आहे एवढें बरोबर ठरलें. कुंडाचा चमत्कार मात्र चुकला, कारण नोलन याच्या दोन्ही चित्रपटांत चमत्कारास कोठेंच थारा नव्हता. धुकें धूर म्हणून घेतलें गेलें तें असें.

जॉन ब्लेक हा तरुण पोलीस अंमलदार म्हणजे बॅटमॅनचा साथी 'रॉबिन' असावा, हा तर्कहि वरच्याच रीतीचा, व तोहि शेवटच्या कांहीं क्षणांत खरा ठरला.

राहिला मुख्य प्रश्न: नायक मरणार काय? डिसेंबर २०११ मध्यें जाहिरातीचें एक चित्र निघालें. पावसांत बॅटमॅनचा फुटका मुखवटा पडला आहे, बेन पाठ फिरवून चालला आहे, आणि खालीं 'आख्यायिका संपते' अशा अर्थाचे शब्द. हें पाहून असंख्य लोकांनीं नायकास मनांतल्या मनांत पोंचवूनहि टाकलें. येथें दोन चुका होत्या. जाहिरात हें आप्तवाक्य नव्हे. तिचा धर्म तिकिटें खपविणें हा आहे. दुसरी चूक शब्दार्थाची. आख्यायिका संपणें व माणूस मरणें या गोष्टी एक आहेत काय? पहिल्याच चित्रपटांत ब्रूस वेन सांगतो कीं माणसास मारतां येतें, परंतु तो जर चिन्ह झाला तर त्यास मारतां येत नाहीं. माणूस व मुखवटा हे दोन आहेत, असें कथाच सांगत होती. तेव्हां मुखवटा दुसऱ्यास देऊन माणूस निघून जाईल, ही तिसरी वाट उघडी होती. "मरेल" आणि "जगेल" असे दोन पक्ष करून भांडणारांस ती दिसली नाहीं. चित्रपटांत तसेंच होतें. अणुबाँब समुद्रावर नेऊन बॅटमॅन नाहींसा होतो, नगरांत त्याचा पुतळा उभा राहतो, आणि ब्लेक गुहेची वाट शोधून काढतो.

वरच्या वर्गांतील मुलांस आवडेल असा एक दुवा येथें सांगतों. ही कथा रचतांना नोलन बंधूंपुढें चार्ल्स डिकन्सची 'अ टेल ऑफ टू सिटीज' ही कादंबरी होती. बॅटमॅनसाठीं ठेवलेल्या अखेरच्या प्रार्थनेच्या वेळीं पोलीस अधिकारी गॉर्डन त्या कादंबरीचाच शेवट वाचतो. आतां कोणास हा दुवा आधींच मिळाला असता, तर त्यानें काय अनुमान केलें असतें? सिडनी कार्टन दुसऱ्यासाठीं प्राण देतो, म्हणून ब्रूस वेनहि मरणार! दुवा खरा असूनहि अनुमान खोटें ठरलें असतें, कारण साम्य म्हणजे ऐक्य नव्हे. ती कादंबरी स्वतः १८५९ सालीं साप्ताहिकांतून एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत भागाभागानें छापली गेली होती. तिच्या वाचकांनींहि आठवड्या-आठवड्यास अशाच अटकळी बांधल्या असतील. पुढें १८७० मध्यें डिकन्स 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' अपुरी ठेवून वारला, आणि तिच्या शेवटाचे तर्क आजतागाइत चालू आहेत. उत्तर पाहण्यास पुस्तकाचें शेवटचें पानच नाहीं.

आतां या उत्कंठेची दुसरी बाजू. चित्रपट लोकांसमोर येण्यापूर्वीं कांहीं दिवस टीकाकारांस दाखविण्यांत आला व त्यांपैकीं थोड्यांस तो आवडला नाहीं. तें वाचून कांहीं चाहत्यांनीं त्या टीकाकारांस शिवीगाळ केली, धमक्या दिल्या. इतक्या, कीं परीक्षणें एकत्र करून प्रसिद्ध करणाऱ्या एका संस्थेस या चित्रपटाच्या परीक्षणांवर वाचकांचे अभिप्राय घेणें बंद करावें लागलें. ज्यांनीं चित्रपट पाहिला नव्हता, ते पाहिलेल्यास खोटें पाडीत होते! अटकळ जेव्हां हक्क बनते, तेव्हां समोरची वस्तु पाहण्याची गरजच उरत नाहीं. प्रदर्शनाच्या रात्रीं तर याहून फार भयंकर घडलें. अमेरिकेंतील ऑरोरा या नगरांत मध्यरात्रीच्या खेळास जमलेल्या प्रेक्षकांवर एका बंदूकधाऱ्यानें गोळ्या झाडून १२ जणांस ठार केलें. तें कृत्य चाहत्यांच्या वादांतून आलेलें नव्हतें. परंतु त्या रात्रीं तेथें बसलेले लोकहि चार वर्षें शेवटाची वाट पाहत आलेलेच होते, हें विसरून या चित्रपटाविषयीं लिहिणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलगा जेवतांना येणाऱ्या चित्रपटाचा शेवट सांगूं लागला, तर त्यास गप्प न करितां "कशावरून?" म्हणून विचारावें. उत्तरादाखल तो कथेंतील एखादी गोष्ट सांगेल, तर त्यास आणखी बोलूं द्यावें. "सगळे म्हणतात" असें सांगेल, तर वरण वाढावें.

शेवटीं विद्यार्थ्यांसाठीं एक प्रश्न, जो अजूनहि वादाचा केला जातो. चित्रपटाच्या अंतीं वृद्ध सेवक आल्फ्रेड फ्लॉरेन्समधील एका उपाहारगृहांत बसला असतां त्यास समोर ब्रूस वेन जिवंत दिसतो. असें कधीं तरी दिसावें अशी आपली इच्छा त्यानें पूर्वींच बोलून दाखविलेली असते. म्हणून तें केवळ स्वप्न होय, असें कांहीं म्हणतात. हा पक्ष टाकाऊ नाहीं. परंतु तो घेणारानें तीन गोष्टींचा उलगडा केला पाहिजे. वेनच्या मालमत्तेंतील मोत्यांचा सर कोठें गेला? गॉर्डनच्या गच्चीवरील फुटलेला दीप कोणीं दुरुस्त केला? आणि बाँब नेणाऱ्या विमानाचें आपोआप चालण्याचें यंत्र बिघडलेलें आहे असें सर्वांस वाटत असतां, तें सहा महिन्यांपूर्वींच ब्रूस वेन यानें नीट केल्याची नोंद फॉक्स यास कशी सांपडली? आल्फ्रेड स्वप्न पाहूं शकतो. फॉक्स त्या वेळीं फ्लॉरेन्समध्यें नव्हता.