मसुद्यांची देवघेव

ज्याच्या हाती दुसऱ्यांचे लेखन विश्वासाने सोपविले जाते, त्याने ते जसे आले तसे जपावे आणि जपले तसे परत करावे, हा संपादनाच्या कामातील पहिला शिरस्ता होय. परंतु संगणकावर लिहिण्याची प्रथा सार्वत्रिक झाल्यापासून तो पाळला जाणे हे संपादकाच्या सचोटीइतकेच त्याच्या संगणकावरील वर्ड प्रोसेसरवरही अवलंबून राहू लागले आहे. इतिहासविषयक लेखांचा वार्षिक ग्रंथ सिद्ध करणाऱ्या एका लहानशा मंडळाचे दप्तर मी बरीच वर्षे सांभाळीत आलो आहे. मंडळाची मिळकत वर्गणीपुरती, लेखक निरनिराळ्या जिल्ह्यांतले, काही परदेशी स्थायिक झालेले, आणि बहुतेकांचे मसुदे मायक्रोसॉफ्ट वर्डच्या डॉक अथवा डॉकएक्स स्वरूपात येणारे. प्रत्येक संगणकासाठी परवान्याचा खर्च झेपेनासा झाला तेव्हा मुक्तस्रोत प्रणाली वापरण्याचा ठराव झाला. त्या स्थित्यंतरात जे सोसावे लागले ते आज अशाच ठरावाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या ग्रंथालयांना, शाळांना आणि लहान प्रकाशकांना उपयोगी पडेल, या भावनेने हे लिहीत आहे.

मोडी कागदांचे लिप्यंतर असलेला एक प्रदीर्घ लेख आमच्याकडे आला होता. डाव्या रकान्यात मूळ वाचन, उजव्या रकान्यात अर्थ, आणि प्रत्येक पानाखाली दाट तळटीपा, अशी त्याची रचना. नव्या प्रणालीत तो उघडला, अक्षरे स्वच्छ दिसली, म्हणून पुढे मुद्रणालयात गेला; आणि मुद्रिते हाती आली तेव्हा रकान्यांतील ओळी एकमेकींसमोरून सरकलेल्या, तळटीपा पुढल्या पानावर गेलेल्या आणि सूचीतील पृष्ठांक पार चुकलेले आढळले. लेखकाला अतिशय क्लेश झाले, आणि नव्या प्रणालीवर सर्वांचाच रोष ओढवला. प्रत्यक्षात दोष फॉन्टचा निघाला. लेखकाने वापरलेला देवनागरी फॉन्ट आमच्या संगणकावर नव्हता. त्याच्या जागी प्रणालीने दुसरा योजला, त्याच्या अक्षरांची रुंदी आणि ओळींमधील अंतर निराळे होते, म्हणून ओळ मोडण्याची जागा बदलली, ओळीमुळे पान बदलले आणि पानामुळे सूची बदलली. दोन प्रणालींतील विसंगती म्हणून जिची तक्रार केली जाते, तिचा फार मोठा वाटा या एकाच कारणात असतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

रोमन लिपीत लिहिणाऱ्यांची या बाबतीत चांगली तजवीज झालेली आहे. टाइम्स न्यू रोमन, एरियल आणि कुरियर न्यू यांच्या अक्षररुंदीशी तंतोतंत जुळणारे लिबरेशन फॉन्ट २००७ पासून उपलब्ध आहेत. कॅलिब्रीसाठी कार्लिटो आणि कँब्रियासाठी कॅलाडिया आहेत. अक्षराचे वळण निराळे असले तरी रुंदी तीच राहत असल्यामुळे पान हलत नाही. देवनागरीच्या बाबतीत मंगल किंवा निर्मला यांना असा विश्वासाचा पर्याय माझ्या पाहण्यात नाही, म्हणून उपाय मुळाशीच करावा लागतो: लेख मागवतानाच, खुल्या परवान्याचा आणि सर्वांना मोफत मिळणारा एखादा फॉन्ट ठरवून द्यावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त, नोटो सेरिफ देवनागरी, अथवा मराठी वळणाचे ल आणि श देणारा टिरो देवनागरी मराठी, यांपैकी कोणताही चालेल. आम्ही शेवटचा निवडला. लिब्रेऑफिस या मुक्तस्रोत प्रणालीत फाइलच्या गुणधर्मांत फॉन्ट दस्तऐवजातच अंतर्भूत करण्याची सोय आहे, तिचाही लाभ घ्यावा.

फॉन्टचा प्रश्न मिटल्यावरही मराठी लेखकाची एक अडचण उरते, आणि इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख क्वचितच असतो. वर्ड आणि लिब्रेऑफिस या प्रणाली प्रत्येक मजकुरासाठी फॉन्ट, आकार आणि ठळकपणा यांची स्वतंत्र खाती ठेवतात: एक रोमन अक्षरांचे, दुसरे देवनागरी, अरबी यांसारख्या लिप्यांचे, ज्यांना तेथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या वर्गात घातले आहे. डॉकएक्स फाइलच्या आतही ही खाती वेगळीच नोंदलेली असतात. परिच्छेदाचा आकार चौदा केला, परंतु तो रोमन खात्यात नोंदला गेला, तर मराठी अक्षरे बारावरच राहतात आणि लिहिणारा हतबुद्ध होतो. म्हणून लिब्रेऑफिस बसवल्याबरोबर टूल्समधील ऑप्शन्समध्ये भाषेच्या विभागात जावे, कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून त्यासाठी मराठी ही भाषा नेमावी, आणि प्रत्येक स्टाइलमध्ये दोन्ही खाती भरावीत. एवढी खबरदारी घेतली की ‘शीर्षक ठळक होत नाही’, ‘आकार आपोआप बदलतो’ या तक्रारी जवळजवळ नाहीशा होतात.

जुन्या डॉक फाइलींची कथा याहून दुःखद आहे. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टवर विसंबून टंकलिखित होई. फाइलमध्ये वस्तुतः रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत साठवलेले असत आणि त्यांना देवनागरी रूप देण्याचे काम तो फॉन्ट करी. फॉन्ट गेला की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उरते. ही फाइल कोणतीही प्रणाली, विकतची असो वा मुक्त, केवळ उघडून वाचनीय करू शकत नाही. एका दिवंगत अभ्यासकाच्या वारसांनी आमच्याकडे दिलेले टिपण अशाच अवस्थेत होते. त्याचा फॉन्ट ओळखणे, त्याच फॉन्टसाठी बनवलेला परिवर्तक शोधणे, मग रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्य’सारखी जोडाक्षरे शब्दाशब्दाने तपासणे, हे काम फार जिकिरीचे झाले, तरीही काही स्थळे संशयितच राहिली. केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक २००९ मध्ये अधिसूचित केले. तत्पूर्वीचे मराठी लेखन ज्यांच्या संगणकात असेल त्यांनी, तो जुना संगणक व जुना फॉन्ट शाबूत आहे तोवर, प्रत्येक फाइलीची पीडीएफ काढून ठेवावी आणि मगच परिवर्तनाला हात घालावा. मूळ कसे दिसत होते याचा दाखलाच नसेल तर रुजवात घालणार कशाशी?

आता प्रणालींच्या निवडीविषयी. लिब्रेऑफिसची वंशावळ जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीच्या स्टारऑफिसपर्यंत पोहोचते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये ती कंपनी घेतली, पुढच्याच वर्षी ओपनऑफिस या नावाने मूळ संहिता खुली केली, आणि सन ही ओरॅकलकडे गेल्यानंतर २०१० मध्ये स्वयंसेवकांच्या मोठ्या गटाने वेगळे होऊन द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापून लिब्रेऑफिस सुरू केले. जुने नाव अपाचे ओपनऑफिसच्या रूपाने अजून चालू असल्यामुळे पुष्कळजण तेच उतरवून घेतात. त्यात डॉकएक्स फाइल उघडते, परंतु त्या स्वरूपात जतन करता येत नाही, आणि देवघेव करणाऱ्याला एवढे एक कारण ते टाळण्यास पुरेसे आहे. ओन्लीऑफिसचे अंतरंगच डॉकएक्सवर रचलेले असल्याने तक्ते आणि चौकटी त्यात फार निष्ठेने दिसतात, मात्र त्याच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरे फुटत असत, म्हणून नवी आवृत्ती घेऊन ‘राष्ट्रीयत्व’, ‘दुसऱ्या’, ‘क्षत्रिय’ असे शब्द आधी लिहून पाहावेत. अबीवर्ड हलके आहे. साध्या पत्राला ठीक, तळटीपांनी भरलेल्या लेखाला नव्हे. डब्ल्यूपीएस आणि सॉफ्टमेकरचे फ्रीऑफिस विनामूल्य मिळतात खरे, पण त्यांची मूळ संहिता बंद आहे, आणि आज मोफत असलेल्या वस्तूच्या अटी उद्या मालकाच्या मर्जीने बदलू शकतात, हे ध्यानात ठेवून मगच त्यांच्याकडे पाहावे.

पूर्ण सादृश्याची अपेक्षा मात्र कोणाकडूनच करू नये. डॉक स्वरूपाचा तपशील मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी मोकळेपणाने प्रसिद्ध केला तो २००८ मध्ये. तोवर मुक्त प्रणालींचे कर्ते फाइली उलगडून अनुमानाने मार्ग काढीत होते. डॉकएक्सचे मानक २००६ च्या अखेरीस एक्मा या मानक ठरवणाऱ्या संस्थेने स्वीकारले. त्याचा विस्तार सहा हजार पृष्ठांहून अधिक आहे, आणि जुन्या आवृत्त्यांच्या लकबी सांभाळण्यासाठीच्या तरतुदीही त्यात आहेत. तेच पुढे आयएसओ २९५०० म्हणून मान्य झाले तेव्हा भारताचे मत त्याच्या विरुद्ध पडले होते. ओडीएफ हे खुले स्वरूप त्याआधीच, २००६ मध्ये, आयएसओ २६३०० या क्रमांकाने मान्यता पावले होते. या इतिहासाचा मला होणारा बोध असा, की मंडळाची मूळ प्रत ओडीएफमध्ये असावी आणि डॉकएक्स केवळ बाहेर पाठवण्यापुरती काढावी. तीच फाइल वारंवार एका स्वरूपातून दुसऱ्यात फिरवीत राहिल्यास प्रत्येक फेरीत काहीतरी झिजते, प्रथम क्रमांकन, मग चौकटींच्या जागा. फेरफारांच्या नोंदी आणि शेरे बहुधा सुखरूप जातात, तरी पाठवण्यापूर्वी त्यांची मोजदाद करावी. ज्याला मजकूर केवळ वाचायचा आहे त्याला पीडीएफ द्यावी. लिब्रेऑफिस तर मूळ ओडीएफ पोटात ठेवलेली संयुक्त पीडीएफही काढून देते.

लेखकांना मी एकच विनंती पुनःपुन्हा करतो: मोकळ्या जागा आणि रिकाम्या ओळी टाकून रचना साधू नका, शीर्षकांना शीर्षकाची स्टाइल द्या, नवे पान हवे असेल तेथे पानाचा खंड घाला. स्टाइलवर उभा असलेला मसुदा प्रणाली बदलली तरी बहुतांशी टिकतो; स्पेसबारने ओढूनताणून बसवलेला तक्ता त्याच प्रणालीच्या पुढल्या आवृत्तीतही मोडू शकतो. निवड करतानाही कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून निर्णय करू नये. आपल्या दप्तरातील सर्वांत अवघड फाइल घ्यावी, ती जिथे तयार झाली तेथील छापील प्रत शेजारी ठेवावी, नव्या प्रणालीत उघडून, जतन करून, पुन्हा उघडून पानोपान ताडून पाहावी. एखाद्या शासकीय कचेरीचा मॅक्रो असलेला अर्ज भरायचा असेल, तर तेवढ्यापुरती मूळ प्रणाली ज्याच्याकडे आहे त्याची मदत घेण्यात कमीपणा नाही. आणि डॉकएक्स फाइल कधी उघडेचना, तर तिची एक प्रत करून नावाचा शेपटाकडचा भाग झिप असा बदलावा: ती खरोखरच झिप असल्याने आतील चित्रे वर्ड नावाच्या फोल्डरमधील मीडिया या कप्प्यात मिळतात आणि मजकूरही बहुधा हाती लागतो.

एवढे करूनही देवनागरीचा एखादा दोष शिल्लक राहिला, तर तो मुकाट्याने सोसू नये. द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या बगझिलामध्ये कोणालाही दोष नोंदवता येतो, आणि मराठीतले दोष मराठीत लिहिणाऱ्यांनी कळवले नाहीत तर दुसऱ्या कोणाच्या ते नजरेस येण्याचा संभव फार थोडा. नोंद करताना खासगी मजकूर काढून टाकलेली, दोष दाखवण्यापुरती लहान केलेली डॉकएक्स फाइल जोडावी. ती मूळ प्रणालीत कशी दिसते याची पीडीएफ सोबत द्यावी. फॉन्टचे नाव, लिब्रेऑफिसची आवृत्ती आणि संगणकाची कार्यप्रणाली लिहावी. आणि चुकलेल्या अक्षराशेजारी बरोबर अक्षर लिहून दाखवावे, कारण ती नोंद वाचणाऱ्याला बहुधा मराठी येत नसते.