जुन्या गाडीला जुनी सीट : घेताना काय पाहावे?



आपल्या कार्यक्षेत्रात आज कुठल्याही गावात जा, वेशीपाशी दोन-चार जुन्या बोलेरो, सुमो नाहीतर जीपगाड्या उभ्या दिसतील. इंजिन ठणठणीत, चॅसी मजबूत, आणि सीट मात्र बसून बसून दबलेली. फोम पिचलेला, रेक्झिन फाटलेलं, पाठ टेकली की मागे जाते. अशा वेळी गाडी विकावी असे कोणाला वाटत नाही आणि नव्या सीटचा भाव ऐकून हात आखडतो. मग आपण भंगारातली सीट आणून बसवतो. यात चूक काहीच नाही. फक्त ती पारखून घ्यावी लागते. आम्ही न पारखता घेतली आणि त्याचे काय झाले, ते सांगून मग या विषयाचा विचार करू.

आमची गाडी २००९ सालची बोलेरो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती मुदत संपल्यावर ५ वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतलं. गाडी आणखी ५ वर्षं वापरायची म्हटल्यावर पुढच्या दोन्ही सीट बदलायचं ठरवलं. गाड्या तोडणाऱ्या एका ठिकाणाहून जोडी आणली. वरून नवंकोरं रेक्झिन चढवलेलं, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. दोन तासांत बसवून घरी आलो. सौदा चांगला झाला म्हणून आम्ही खूश होतो.

जानेवारीत ऊस तुटून गेला तशी घरच्या मंडळींनी दिवेआगरची टूम काढली. महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड, माणगाव, म्हसळा आणि बोर्ली पंचतन करून आम्ही मुक्कामी पोचलो. सुवर्णगणेशाचं दर्शन झालं, नारळी-पोफळीच्या वाडीत जेवणं झाली. पोरं दोन दिवस समुद्रातून बाहेर निघाली नाहीत आणि ओल्या कपड्यांनीच गाडीत बसली.

निघायच्या सकाळी वाडीच्या दारात तिथला एक जीपवाला उभा होता. त्यानं पुढच्या डाव्या सीटखाली वाकून पाहिलं, आगकाडीनं सीटच्या रनरमधून काहीतरी उकरून तळहातावर घेतलं नि म्हणाला, "काका, ही रेती आमच्या किनाऱ्याची नाही. हा नदीचा गाळ आहे. तुमची सीट पुराच्या पाण्यातली आहे हो. तिच्यावर कोणाला बसवू नका."

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावर बागाच्या बागा आडव्या केल्या, घरांची छपरे उडवली. तेव्हापासून कुठलीही जुनी वस्तू घेताना ती पाण्यात किती राहिली हे आधी पाहायची सवय लागल्याचं तो सांगत होता. आम्ही हसून "बघू, घरी गेल्यावर बघू" म्हणालो आणि निघालो.

पोलादपूर सोडून घाट चढायला लागलो. चढावर बसणाऱ्याचा सगळा भार पाठीवर येतो. एका वळणावर डाव्या सीटची पाठ खाडकन सुटली आणि आमच्या आक्का मागच्या पोरांच्या गुडघ्यांवर आडव्या झाल्या. मान लचकली, पंधरा दिवस अंथरुणात काढले. नशीब एवढ्यावर भागलं. चालवणाऱ्याची सीटही त्याच जोडीतली होती. तिची पाठ त्या वळणावर सुटली असती तर स्टिअरिंगवरचे हात सुटले असते. पुढचं लिहायला नको.

घरी येऊन कुशनवाल्याकडून रेक्झिन उतरवलं. आत फोमला गाळाची रेघ, स्प्रिंगा तांबारलेल्या, आणि पाठ धरून ठेवणाऱ्या दातेरी चाकाचे दात गंजून बोथट झालेले. नव्या कापडाखाली हे सगळं झाकलं होतं. आपल्याकडे कृष्णा-पंचगंगेला २०१९ साली महापूर आला, महाडला जुलै २०२१ मध्ये पाणी भरले. अशा पुरात बुडालेल्या गाड्या पुढे तुटतात आणि त्यांचे भाग बाजारात फिरतात, हे आम्ही विसरलो होतो.

सीट म्हणजे नुसती गादी नव्हे

सीटचे पाच भाग ध्यानात ठेवावेत. पहिला वरचे कापड किंवा रेक्झिन. दुसरा फोम. जुन्या गाड्यांत कित्येकदा रबर लावलेला नारळाचा काथ्या असे. तिसरा लोखंडी सांगाडा आणि त्यातल्या स्प्रिंगा. चौथा पाठ मागे-पुढे करणारे दातेरी यंत्र, ज्याला मेकॅनिक रिक्लायनर म्हणतात. पाचवा सीट पुढे-मागे सरकवणारे रनर आणि त्यांना जमिनीशी पकडणारे बोल्ट.

पहिले दोन भाग आरामाचे आहेत, उरलेले तीन जिवाचे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम आदळली, तर आत मोकळ्या बसलेल्या माणसाला बसणारा दणका तीन मजल्यांवरून खाली पडण्याइतका असतो. त्या वेळी माणसाला जागेवर धरायचे काम सीट आणि पट्टा मिळून करतात. सीटच जमिनीपासून सुटली, तर पट्टा लावूनही उपयोग होत नाही.

म्हणून आधी रोग ओळखावा. फक्त कापड फाटले असेल तर कापड बदलावे. फोम दबला असेल तर चांगल्या डेन्सिटीचा फोम कुशनवाल्याकडून भरून घ्यावा. एवढ्यासाठी सीट बदलायची गरज नाही. सांगाडा तडकला असेल, पाठ धरत नसेल, रनर दोन्ही बाजूंनी अडकत नसेल, तरच दुसरी सीट शोधावी. तडकलेल्या सांगाड्याला गल्लीत वेल्डिंग मारून आणलेल्या सीटवर भरवसा ठेवू नये.

खोडवा ठेवताना पाहतो तसे पाहावे

आपण खोडवा कुठल्या उसाचा ठेवतो? ज्या लागणीत काणी किंवा गवताळ वाढ दिसली, तिचा खोडवा कोणी शहाणा शेतकरी ठेवत नाही. वरून हिरवे दिसते म्हणून भुलत नाही, बुडखा पाहतो. भंगारातल्या सीटचेही तसेच आहे.

पहिली गोष्ट, सीट आपल्याच मॉडेलची असावी. शक्य तर त्याच मॉडेलच्या नंतरच्या सालातल्या किंवा वरच्या प्रकारच्या गाडीची घ्यावी. मात्र नाव तेच असले तरी साल बदलले की मापे बदलू शकतात. म्हणून जाण्याआधी आपल्या गाडीत टेप धरून चार मापे कागदावर लिहून घ्यावीत : पुढच्या दोन भोकांतले अंतर, मागच्या दोन भोकांतले अंतर, पुढच्या आणि मागच्या भोकांतले अंतर, आणि जमिनीपासून बैठकीची उंची. भोके जुळत नाहीत म्हणून पट्ट्या वेल्ड करून सीट बसवणे हा धोक्याचा मार्ग आहे.

दुसरी गोष्ट, सीट कोरड्या गाडीतली असावी. ती उलटी करून पाहावी. रनरच्या खाचेत आगकाडी फिरवावी, गाळ निघाला तर परत ठेवावी. स्प्रिंगा, खालचे स्क्रू आणि पट्ट्याचे कुलूप यांवर तांबेरा आहे का बघावे. नाक जवळ नेऊन वास घ्यावा, पुराचा कुबट वास अत्तर मारले तरी पूर्ण जात नाही. मूळ गाडी तिथेच उभी असेल, तर तिचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. गाडी बुडालेली असेल तर आतल्या टोकाला बहुधा मातीचा डाग सापडतो. वर नवे रेक्झिन असेल, तर एक कडा सोडून आत पाहू द्यावे असे म्हणावे. देत नसेल तर सौदा सोडावा.

तिसरी गोष्ट, सीट अपघातात पिळवटलेली नसावी. सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का पाहावे. रनर दोन्ही बाजूंना एकाच वेळी 'टक' असा आवाज करून अडकला पाहिजे. पाठ सरळ करून दोन्ही हातांनी जोर लावून मागे ढकलावी, दात निसटता कामा नयेत.

चौथी गोष्ट, अलीकडच्या गाड्यांच्या सीटची. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. काही गाड्यांत सीटच्या कुशीतही एअरबॅग असते किंवा पट्टा आवळणारे, स्फोटक दारू भरलेले यंत्र असते. त्यांच्या वायरी आणि कनेक्टर बहुधा पिवळे असतात. अशी सीट घरी खोलू नये, वायर कापू नये, मीटर लावून तपासूही नये. जुन्या गाडीला साधी सीटच बरी.

पाचवी गोष्ट, पावती. पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईतले कुर्ल्याचे दुकान, विकणाऱ्याचे नाव-पत्ता आणि कोणत्या गाडीतली सीट हे लिहून घ्यावे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणे हा गुन्हा आहे, आणि पावती जवळ असली तर आपला प्रामाणिकपणा दाखवता येतो.

बसवताना

आदल्या रात्री जुन्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल सोडावे. सकाळी बॅटरीची तार काढावी, मग बोल्ट सोडावेत. सीट निघाली की खालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावा. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला, तर आधी पत्र्याचे काम चांगल्या कारागिराकडून करून घ्यावे. कुजलेल्या पत्र्यात बसवलेली चांगली सीटही कुचकामी.

बोल्ट मूळचेच वापरावेत. ते गेले असतील तर त्याच मापाचे, डोक्यावर ८.८ असा आकडा असलेले घ्यावेत. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही बोल्ट चालत नाही. चारही बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवावेत, मग समोरासमोरचे कोपरे धरून आवळावेत. नंतर सीटवर बसून पाहावे. क्लच पूर्ण दाबता येतो का, डोके आणि छत यांत जागा राहते का, डोके टेकायच्या उशीचा मधला भाग कानाच्या पातळीला येतो का, पट्ट्याचे कुलूप हाताला लागते का. शंभरेक किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत.

पट्टा आणि कायदा

पुढे बसणाऱ्यांना आणि मागे समोर तोंड करून बसणाऱ्यांना पट्टा बांधणे नियमाने सक्तीचे आहे. न बांधल्यास १,००० रुपये दंड आहे. दंडापेक्षा जीव मोठा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले गृहस्थ दगावले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी तर नामांकित होती.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. सीटच्या जागी तशीच सीट घालणे वेगळे आणि दोन बाकडी वाढवून जादा माणसे बसवणे वेगळे. आसनसंख्या बदलणार असेल तर आधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारावे. नाहीतर अपघातानंतर विम्याच्या वेळी तेच आडवे येते.

समुद्रावर जाऊन आल्यावर

मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून खाऱ्या पाण्याने भिजलेले लोखंड लवकर सुकत नाही आणि लवकर गंजते. दिवेआगरला सापडलेला शके ९८२ चा ताम्रपट शेकडो वर्षे टिकला, कारण तो तांब्याचा. आपला रनर लोखंडाचा. म्हणून ओल्या कपड्यांनी सीटवर बसू नये, निदान खाली जाड कोरडे कापड घालावे. घरी आल्यावर रनरमधली रेती ब्रशने काढावी, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने लोखंड पुसावे, दारे उघडी ठेवून सुकू द्यावे आणि मग रनरला थोडे ग्रीस लावावे. पाइपाने पाणी मारू नये, ते फोममध्ये मुरते.

आम्ही पुढे दुसरी जोडी घेतली, तीही भंगारातलीच. आपल्याच मॉडेलची, मागून धडक बसून निकामी झालेल्या गाडीतली तर नाही ना हे विचारून, उलटी करून, आगकाडी फिरवून. त्या दुकानात दोन तास गेले. पहिल्या वेळी दहा मिनिटांत सौदा केला होता.

थोडक्यात, जुनी सीट घेण्यात कमीपणा नाही. पाच गोष्टी पाहाव्यात : मॉडेल तेच, पाण्यातली नाही, पिळवटलेली नाही, भोके मूळची, पावती हातात. यांतली एक जरी कमी असली तरी सीट तिथेच ठेवून यावे. दिवेआगरच्या त्या जीपवाल्याने आमच्याकडून काही न घेता खरे ते सांगितले होते. आम्ही ऐकले नाही. आपण ऐकावे, एवढीच विनंती.