‘नेगार’: एका क्रियापदातले दोन नकार

आजचं वाचन: मत्तय 16:24 आणि मत्तय 26:69–75



ऑफिसच्या कामासाठी मी सध्या स्पॅनिश शिकतोय. मागच्या आठवड्यात क्लासमध्ये ‘नेगार’ हे क्रियापद आलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. म्हणून आजचं मनन त्याच्यावरच.

आधी थोडा अभ्यास करू या.

‘नेगार’ म्हणजे नाकारणे. मूळ लॅटिन ‘नेगारे’. वर्तमानकाळात त्याचं रूप बदलतं: निएगो (मी नाकारतो), निएगास (तू नाकारतोस), निएगा (तो नाकारतो), पण नेगामोस (आम्ही नाकारतो). मुळावर जोर आला की ‘ने’चा ‘निए’ होतो, जोर पुढे सरकला की पुन्हा ‘ने’. म्हणूनच भूतकाळात ‘त्याने नाकारलं’ हे साधं ‘नेगो’ होतं.

‘अमुक खरं आहे हे मी नाकारतो’ असं म्हणायचं असेल, तर ‘आहे’साठी नेहमीचं ‘एस’ चालत नाही, ‘सेआ’ लागतं: निएगो के सेआ वेर्दाद. म्हणजे बघा, एकदा नाकारलं की पुढच्या क्रियापदातली खात्रीही निघून जाते.

त्याची दोन भावंडंही आहेत. ‘देनेगार’ म्हणजे अर्ज नामंजूर करणे. व्हिसा नाकारला तर हा शब्द. ‘रेनेगार दे’ म्हणजे एखाद्या श्रद्धेशी किंवा माणसाशी नातंच तोडून टाकणे.

आणि मग येतं ‘नेगार्से आ’, म्हणजे एखादी गोष्ट करायला साफ नकार देणे. शिक्षिकेने यावर पाच वाक्यं लिहायला सांगितली. मी फार विचार न करता लिहिलं: मे निएगो आ यामार आ मि एर्मानो. मी माझ्या भावाला फोन करणार नाही.

शिक्षिकेने बरोबरची खूण केली. वाक्य शुद्ध होतं. मला मात्र ते वाचून कसंतरीच झालं. खरं सांगायचं तर, दादाशी मी आठ महिने बोललो नव्हतो. घराच्या वाटणीवरून शब्दाला शब्द लागला, आणि मग कोणीच फोन केला नाही. स्पॅनिशमध्ये यालाही ‘नेगार’च वापरतात: ‘नेगार ला पालाब्रा’, म्हणजे बोलणं टाकणे.

त्या रात्री मी स्पॅनिश बायबल उघडलं. कासिओदोरो दे रेइना यांनी 1569 मध्ये बायबलचं स्पॅनिश भाषांतर छापलं, सिप्रिआनो दे वालेरा यांनी 1602 मध्ये ते सुधारलं. आजही ते दोघांच्या नावाने, ‘रेइना-वालेरा’ म्हणून वाचलं जातं.

आजच्या दोन्ही उताऱ्यांत मला हेच क्रियापद दिसलं! पेत्र अंगणात, एका दासीसमोर, प्रभूला ओळखत नाही म्हणतो, तिथे ‘नेगार’. आणि प्रभू शिष्यांना स्वतःला नाकारायला सांगतो, तिथेही ‘नेगार’, फक्त पुढे ‘आ सी मिस्मो’ म्हणजे ‘स्वतःला’. मूळ ग्रीकमध्येही दोन्हीकडे एकाच मुळातली क्रियापदं आहेत. आपल्या मराठी बायबलमध्ये एकीकडे ‘नाकारणे’ आणि दुसरीकडे ‘आत्मत्याग’ असे वेगळे शब्द असल्यामुळे माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

म्हणजे प्रश्न ‘नाही’ म्हणायचं की नाही हा नाहीच. ‘नाही’ आपण रोज म्हणतो. प्रश्न आहे, कोणाला? पेत्राला त्या रात्री स्वतःचा जीव वाचवायचा होता. स्वतःला ‘नाही’ म्हणता आलं नाही, म्हणून प्रभूला ‘नाही’ म्हणावं लागलं. दोन्हीपैकी एक नकार द्यावाच लागणार होता.

माझंही तेच. ‘मी फोन करणार नाही’ म्हणताना मी दादाला नाकारत होतो, कारण ‘माझंच बरोबर’ म्हणणाऱ्या स्वतःला मला नाकारायचं नव्हतं.

पण गोष्ट इथे थांबत नाही. 2 तीमथ्य 2:13 वाचा. आपण अविश्वासू ठरलो तरी देव विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःला नाकारता येत नाही, असा तिथला आशय आहे. तिथेही स्पॅनिशमध्ये ‘नेगार्से’! जे आपल्याला करायला सांगितलं, ते तो करू शकत नाही; कारण त्याचा स्वभावच प्रेम आहे. म्हणूनच तर योहान 21 मध्ये, कोळशाच्या विस्तवाजवळ, तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला प्रभू प्रेमाविषयी तीनदाच विचारतो.

रविवारी संध्याकाळी मी दादाला फोन लावला. पहिल्यांदा त्याने उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला आणि म्हणाला, “जेवलास का?” वाटणीचा विषय अजून सुटलेला नाही. पण आता आम्ही बोलतो.

आज विचार करा: माझ्या मनात ‘मे निएगो आ...’ने सुरू होणारं कोणतं वाक्य आहे? त्या नकारामागे मी कोणाला वाचवतोय?

प्रार्थना: प्रभू, मी तुला अनेकदा नाकारलं, तू मला नाकारलं नाहीस. आज मला स्वतःला ‘नाही’ म्हणायला शिकव. आमेन.