शिक्क्यावरचा गरुड

शाळेच्या दाखल्यावरचा गोल शिक्का आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यावर काय कोरले आहे, ते मात्र आपण क्वचितच वाचतो. आज अशाच एका शिक्क्याचा अभ्यास करू या. तो आहे अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरातल्या जॉर्जटाउन या येशूसंघीय विद्यापीठाचा. त्या देशाचे पहिले कॅथलिक बिशप जॉन कॅरोल यांनी १७८९ साली त्याची स्थापना केली.

शिक्क्याच्या मध्यभागी पंख पसरलेला गरुड आहे. अमेरिकेच्या राष्ट्रमुद्रेवरील गरुडाच्या एका पंजात ऑलिव्हची फांदी आणि दुसऱ्यात बाण आहेत. जॉर्जटाउनच्या गरुडाकडे बाण नाहीत. त्याच्या एका पंजात पृथ्वीचा गोल व मोजमापाचा कंपास आहे, तर दुसऱ्या पंजात क्रूस. डोक्यावर वीणेसारखे तंतुवाद्य आहे. निरनिराळ्या तारा जुळल्या की संगीत होते, तशा सर्व विद्या जुळाव्यात, असा त्याचा बोध घेता येईल. चोचीतल्या पट्टीवर लॅटिन ब्रीदवाक्य आहे : ‘उत्राक्वे उनुम’, म्हणजे ‘दोन्ही एक’.

याचा अर्थ सहसा विद्या आणि श्रद्धा असा लावला जातो. जग मोजणारी बुद्धी आणि क्रूसापुढे नमणारे अंतःकरण ही एकाच माणसाची असतात. म्हणून विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी श्रद्धा घरी ठेवून जाण्याचे कारण नाही.

परंतु हे शब्द मूळचे संत पौलाचे आहेत (इफिस २:१४). तेथे विषय पुस्तकांचा नाही, माणसांचा आहे. यहुदी आणि परराष्ट्रीय यांच्यामधली वैराची भिंत ख्रिस्ताने पाडली व दोघांना एक केले, असे प्रेषित सांगतो.

आणि येथेच तो शिक्का आपल्याला अस्वस्थ करतो. १८३८ साली मेरिलँडच्या येशूसंघीयांनी आपल्याकडील २७२ गुलाम स्त्री-पुरुष व मुले लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली. त्या पैशातून विद्यापीठाचे कर्जही फेडले गेले. कुटुंबांची ताटातूट करू नये, पैसा कर्जफेडीत घालू नये, असे रोमहून संघप्रमुखांनी बजावले होते. ते पाळले गेले नाही. विकलेल्यांपैकी अनेकांचा बाप्तिस्मा झालेला होता. हे लिहिताना आम्हा धर्मगुरूंची मान खाली जाते.

एप्रिल २०१७ मध्ये त्यांच्या वंशजांसमोर, एका प्रार्थनाविधीत, येशूसंघाने आणि विद्यापीठाने क्षमा मागितली. विक्री करणाऱ्या धर्मगुरूंचे नाव ज्या इमारतीला होते, तिला आता विक्रीच्या यादीतील पहिल्या माणसाचे नाव आहे : आयझॅक हॉकिन्स.

प्रिय बंधुभगिनींनो, दृढीकरणाच्या वेळी आपल्या कपाळावरही पवित्र आत्म्याची मुद्रा उमटली आहे. ती कागदावर दिसत नाही. शेजाऱ्याशी वागताना दिसते. आज मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देताना आपण कोणाकडे वळायचे टाळतो? बांधाच्या भांडणातला भाऊ? अबोला धरलेली जाऊ? ‘कमी’ समजलेले एखादे कुटुंब? पहिले पाऊल आपणच टाकू या.