चांदोलीची उठलेली गावे

मुलांनो, नकाशात वारणा नदी शोधा. ती बऱ्याच ठिकाणी कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची सीमा आहे. तिच्या उगमाकडच्या डोंगरात पूर्वी लहान लहान गावे होती. लोक भात, नाचणी, वरी पिकवत. चांदोलीला धरण झाले नि खोऱ्यातली शेतं पाण्याखाली गेली. वरचे रान १९८५ साली अभयारण्य व २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. गावे उठली. काही लोक आपल्या जिल्ह्यात वसले. डोंगरातल्या माणसांना सपाटीवरची शेती नव्यानं शिकावी लागली. आज वारणेकाठचे मळे हिरवे दिसतात, त्यामागे त्यांचा त्याग आहे. तो विसरू नये.

उपक्रम : वसाहतीतल्या एखाद्या आजीला जुन्या गावाचं नाव विचारा आणि वहीत लिहा.